नववी फळी

"मॅडम, ही फळी कुणाच्या दुकानाची म्हणायची?"

सदूमिस्त्रींनी हे विचारलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि मी घाटाच्या पायरीवर बसून उसाचा रस पीत होते. मोरघाटला कृष्णेचा घाट चांगला रुंद आहे. त्या दिवशी वरपासून खालपर्यंतच्या पायऱ्यांवर सागवानी फळ्या ऊन खात पडल्या होत्या. एकशे अठ्ठ्याण्णव फळ्या. नदीवेस पेठेतल्या बावीस दुकानांच्या, प्रत्येकाच्या नऊ. सगळं मी ठरवल्याप्रमाणे चाललं होतं, म्हणून मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

"कुणाची म्हणजे? मागे खूण असेल, बघा की."

"खूण ऱ्हायलीच न्हाई."

त्यांनी फळी उलटी केली. सोललेल्या बटाट्यासारखी गुळगुळीत. मी दुसरी उलटी केली. तिसरी. मग रसाचा पेला तिथंच ठेवून खालच्या पायरीवर पळाले आणि तिथल्या दहाबारा उलटल्या. सगळ्या सारख्या, सगळ्या कोऱ्या.

पेठ कशी होती ते आधी सांगते, नाहीतर मी केवढं मोठं शहाणपण केलं होतं ते कळायचं नाही. नदीवेशीतल्या एकाही दुकानाला शटर नव्हतं, आजही नाही. संध्याकाळी दिवेलागणीला दुकानदार फळ्या लावतात. खांबाशेजारच्या खाचेतून एकेक फळी आत घालायची, सरकवत पलीकडे न्यायची, अशा नऊ. नववी खांबाला चिकटून बसली की बाहेरून लोखंडी पट्टी आडवी टाकून कुलूप. एका मोठ्या पुरानंतर एकाच सुताराने एकाच लाकडातून सगळ्या पेठेच्या फळ्या केल्या होत्या, त्यामुळे दिसायला सगळ्या बहिणी. पण साठ वर्षांच्या उन्हापावसाने आणि हातांनी प्रत्येकीला वेगळा बाक आला होता. जिची जागा तिचीच. चुकीची घातली की अडकून बसायची.

म्हणून प्रत्येकाने मागच्या बाजूला खुणा केल्या होत्या, आणि त्याही आपापल्या तऱ्हेने. पोतदार सराफांच्या फळ्यांवर नवग्रहांची पहिली अक्षरं होती, राहू-केतूसकट. गुळवे किराणावाल्यांनी नऊ मामांची नावं घातली होती. कुणी चाकूने खाचा पाडल्या होत्या, कुणी तापल्या खिळ्याने ठिपके दिले होते. दुकानाचं नाव मात्र कुणीच लिहिलं नव्हतं. ज्याने त्याने आपलं अक्षर आणि आपल्या खाचा ओळखायच्या. परका माणूस पेठेत फळी उचलायला येतोय कशाला?

परकी मी आले. उज्ज्वला कुंभार, वय चोवीस, नगरपालिकेत नवीकोरी कनिष्ठ अभियंता, डिप्लोमाला जिल्ह्यात तिसरी. हे तिसरेपण मी तेव्हा दिवसातून तीनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत असे.

पेठेचं तेव्हा मरणाचं चाललं होतं. बायपासवर मोठी दुकानं झाली, गिऱ्हाईक तिकडं वळलं. नगरपालिकेत दोन बेत होते. एक, पेठ पाडून तिथं तीन मजली कॉम्प्लेक्स बांधायचं. दुसरा, पेठ आहे तशी दुरुस्त करून नटवायची, घाटाला जोडायची, म्हणजे बाहेरचे लोक बघायला येतील आणि गावातले खरेदीला. दुसरा बेत मी मांडला होता. मुख्याधिकारी साहेब म्हणाले, "तुमच्या त्या फळ्या अजून चालतात हे दाखवा. पुण्याहून समिती येतेय. सकाळी दहाला दुकानं उघडताना बघणार. फळ्या अडकल्या, तर कॉम्प्लेक्स."

यंत्राने घासून तेल लावायला पेठेतल्या सगळ्यांनी फळ्या दिल्या. एकट्या अंबूकाकू शेटे नाही म्हणाल्या. त्यांचं गावठी औषधांचं दुकान, हिरडा, वेखंड, ज्येष्ठमध, बाळगुटीचं सामान. साठीच्या, किडकिडीत, नाकात मोरणी, आवाज मात्र पलीकडच्या काठाला जाईल असा.

"आमच्या फळ्या आम्ही धुतो वर्षातून एकदा. तुझं यंत्रबिंत्र नको."

"काकू, विश्वास ठेवा हो."

"कशावर ठेवू? ओळख कालची."

सगळी पेठ ऐकत होती. मला मिरच्या झोंबल्या. मी त्यांच्या उंबऱ्यावर हात ठेवून म्हणाले, "एक जरी फळी इकडची तिकडे झाली ना काकू, तर त्याच दिवशी राजीनामा देईन. पेठेसमोर सांगते."

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तिरसट आहेस," त्या म्हणाल्या. "ने."

मला हे बोलायची काय गरज होती? घरी वडील अंथरुणाला खिळलेले, धाकटी बहीण कॉलेजात, आणि नोकरी लागून पुरते सात महिनेही झाले नव्हते. पण जीभ एकदा सुटली की सुटली.

सदूमिस्त्रींनी मला दोनदा सांगितलं होतं. एकदा म्हणाले, "मॅडम, रोज चार दुकानं घेऊ. समद्या एकदम नको." पण यंत्रं सांगलीहून उशिरा आली, आणि समिती तर दुसऱ्याच दिवशी यायची होती. मग म्हणाले, "निदान मागची बाजू ऱ्हाऊ द्या." मी काय म्हणाले असेन? "मिस्त्री, अर्धवट काम मला चालत नाही." आणि त्यांना खाचा साफ करायला पेठेत धाडून मी स्वतः घाटावर उभी राहिले. यंत्रवाल्यांना दोन्ही बाजू चकाचक करायला लावल्या. मागच्या रेघोट्या मला दिसल्या होत्या बरं का. मला वाटलं, पोरांनी काढल्या असतील.

"तुम्ही मला नीट का नाही सांगितलंत?" मी मिस्त्रींवर ओरडले. "खुणा आहेत म्हणून स्पष्ट सांगायला काय झालं होतं?"

मिस्त्रींनी डोक्याची टोपी काढली, झटकली, परत घातली. पन्नाशी ओलांडलेला तो माणूस, माझ्या वडिलांच्या वयाचा. मला माझीच लाज वाटली.

"चुकले मिस्त्री. आता काय करायचं ते सांगा."

"दिवेलागण साडेसहाला. एकेक फळी बावीस दुकानांत लावून बघायची म्हटली तर परवा उजाडंल." त्यांनी पेठेकडे मान वळवली. "जाऊन सांगा त्यास्नी. दुसरं काय?"

"कुणाला?"

"अंबूकाकूस्नी. नाहीतर कुणाला?"

घाटापासून काकूंचं दुकान शंभर पावलं असेल. ती शंभर पावलं मी कशी गेले ते मला आठवत नाही. काकू पुड्या बांधत होत्या. शेजारच्या दुकानात दस्तगीरचाचा तांबोळी तंबाखूची पानं चाळत बसले होते. या दोघांच्यात एक खांब होता आणि अकरा वर्षांचं भांडण. एका बाळंतिणीने काकूंची बाळगुटी परत आणली होती, तिला तंबाखूचा वास येतो म्हणून. तेव्हापासून काकू चाचांशी बोलत नव्हत्या. बोलायची वेळ आलीच तर मध्ये कुणालातरी उभं करायच्या आणि "सांगा त्यांना" म्हणायच्या. चाचाही "बोला त्यास्नी" म्हणून उत्तर धाडायचे. दोघांत हातभर अंतर, तरी मध्यस्थ लागायचा.

"काकू," मी म्हणाले, "खुणा गेल्या."

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्या. यंत्राने घासल्या. आता कुणाची फळी कोणती ते कळत नाही."

काकूंनी तागडी खाली ठेवली. चाचांचा हात पानांवरच थांबला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही.

"राजीनामा लिहून आणलायस?"

"नाही. आता लिहिते."

"मग लिहायच्या आधी माझ्या चपला दे त्या कोपऱ्यातल्या. आणि नाक शिंकर आधी. इंजिनेरबाई म्हणे!"

त्या तरातरा घाटाकडे निघाल्या. मी मागे. वरच्या पायरीवरून त्यांनी तो पसारा पाहिला आणि कपाळावर हात मारला. खाली मिस्त्रींची दोन माणसं जवसाच्या तेलाचा डबा उघडत होती. काकू अशा काही ओरडल्या की नदीत पोहणारी म्हैस मान वर करून बघायला लागली.

"डबा झाका! एक थेंब लावाल तर याद राखा!"

"आवं पण काकू, तेल—"

"तेल उद्या. आधी झाका तो."

मग त्या वाकल्या आणि त्यांनी पहिली फळी उचलून नाकाला लावली. मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. त्यांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला, फळी बाजूला ठेवली, दुसरी उचलली.

"ही गुळाची. गुळव्यांना बोलव." तिसरी. "ही आपल्या हॉटेलवाल्या शेट्टींची, भज्याचं तेल मुरलंय. बघत काय उभी राहिलीस? वरवरचं सोललंस तू. साठ वर्षांचा वास आतपर्यंत जातो. जा, बोलव सगळ्यांना. म्हणावं, नाकं घेऊन या."

मी पेठेत धावत सुटले. प्रत्येक दुकानासमोर उभी राहून, हात जोडून, जे केलं ते सांगितलं. कुणी कपाळाला हात लावला, पोतदार सराफ तर खालीच बसले. पण सगळे आले. दुकानं उघडी टाकून आले. बावीस दुकानं बिनमालकाची सताड उघडी आणि मालक घाटावर फळ्या हुंगतायत, असं दृश्य मोरघाटने त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. धुणं धुणाऱ्या बायका धुणं सोडून बघत उभ्या राहिल्या.

"अहो गुळवे, ही घ्या. हिंग येतोय."

"हिंग माझा, पण खाली मिरचीपण आहे. ही नक्की माझीच. या या माझ्या मामा!"

"ती अत्तराची. अत्तारांच्या बशीरला द्या."

"शिंक आली, म्हणजे मिरचीवाल्यांची!"

बुक्क्या-अबिराची फळी मीही ओळखली आणि लहान मुलीसारखी ओरडले. चपलांच्या दुकानाचं चामडं, रॉकेलचा डेपो, कापडाची खळ, सगळं कळत होतं. खरी पंचाईत झाली ती सराफांची. सोन्याला कसला वास? पोतदार रडकुंडीला आले. "माझ्या फळ्यांना कसलाच वास नाही हो!"

"मग ज्यांना कसलाच वास नाही त्या तुमच्या," काकू म्हणाल्या. "सगळ्यांच्या वेचून झाल्यावर उरतील त्या घ्या. आणि रडू नका, मोठे सराफ ना तुम्ही?"

तांबटांच्या फळ्यांना चिंचेचा वास होता, भांडी चिंचेने उजळतात म्हणून. हे मला त्या दिवशी कळलं. डिप्लोमाला जिल्ह्यात तिसरी आलेल्या मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

पाचला ढीग लागले. नऊ-नऊच्या चळती खांद्यावर घेऊन लोक पेठेत गेले. आता प्रत्येकाने आपल्या नवांची रांग लावायची होती. तिथं हात कामाला आले. चाळीस वर्षं रोज लावलेली फळी तळव्याला कळते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. गुळवे डोळे मिटून फळी तोलायचे, "हा थोरला मामा" म्हणायचे आणि ती सर्रकन आत जायची. मिस्त्री एका दुकानातून दुसऱ्या दुकानात धावत होते. एकामागून एक लोखंडी पट्ट्या पडल्याचे आवाज येऊ लागले. मी मोजत होते. सहा. अकरा. पंधरा. वीस.

दोन राहिली. खांबाच्या अलीकडची आणि पलीकडची. काकू आणि चाचा.

दिवे लागायला आले होते. मी दुकानासमोर गेले तेव्हा काकू आणि चाचा खांबापाशी अगदी जवळजवळ उभे होते आणि हळू आवाजात बोलत होते. दोघांच्या हातात एकेक फळी. चाचा मान हलवत होते. काकूंनी बोट नाचवत त्यांना काहीतरी सुनावलं. म्हटलं, झालं, आता नेमकं यांचं भांडण उकरलं. पेठ तरली आणि इथं बुडणार.

"काकू, काय झालं?"

"काय व्हायचंय?" काकू गर्रकन वळल्या. "तू इथं काय करतेस? मिस्त्रींना पाणी दे जा, माणूस दमलाय."

मी पाणी घेऊन आले तोवर दोन्हीकडे फळ्या लागल्या होत्या. काकूंनी माझ्यासमोर लोखंडी पट्टी टाकली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली.

"बसल्या?" मी विचारलं.

"बसल्या. एक इकडची तिकडे नाही. जा घरी, जेव, झोप. आणि सकाळी तोंड धुऊन ये."

मी तिथंच त्यांच्या गळ्यात पडले. त्यांना ते आवडलं नाही. "पुरे पुरे," म्हणाल्या, "घाम आलाय मला." चाचा खांबाला टेकून आकाशाकडे बघत होते.

सकाळी समिती आली. अध्यक्ष बाई उंच, पांढऱ्या केसांच्या, फार न बोलणाऱ्या. एकेक दुकान उघडताना बघत त्या पुढे सरकत होत्या. गुळव्यांचे मामा सरसर बाहेर आले. पोतदारांचे ग्रह आले. मुख्याधिकारी साहेबांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. मी देवाची जेवढी आठवतील तेवढी नावं घेत होते.

काकूंच्या दुकानापाशी बाई थांबल्या. "तुम्ही स्वतः उघडता?"

"मग कोण उघडणार?" काकूंनी पट्टी काढली आणि उघडताना आधी निघते ती नववी फळी धरली. ओढली. फळी हलली नाही. पुन्हा ओढली. हलली नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

काकूंनी पदर खोचला, मूठ वळली आणि फळीच्या वरच्या कोपऱ्यात धप्पकन एक गुद्दा हाणला. फळी निमूट बाहेर आली.

"अडकते का?" बाईंनी विचारलं.

"अडकत नाही. रुसते. वय झालंय तिचं. मी रुसले तर मला नाही का कुणी समजवायचं?"

बाई हसल्या. आल्यापासून पहिल्यांदा हसल्या. त्याच वेळी पलीकडून दुसरा धप्प आला. चाचांनीही आपली नववी फळी गुद्दा घालून काढली होती आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाले, "आमची पण रुसती. शेजार हाय नव्हं." आता तर सगळी समितीच हसली. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढे गेल्या.

महिनाभराने कागद आला. कॉम्प्लेक्स रद्द, पेठ राहणार. तो कागद मी स्वतः पेठभर वाचून दाखवला. बाविसाव्या दुकानापर्यंत माझा घसा बसला होता. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्या दिवशी मला कळलं. घरी जाऊन बाबांच्या पायापाशी बसले आणि उगाचच तासभर रडले. बाबा म्हणाले, "अगं चांगलं झालं ना? मग?" मी म्हटलं, "म्हणूनच."

पुढे माझ्या बदल्या होत गेल्या. मोरघाटची पेठ चांगली नावारूपाला आली. घाटावर संध्याकाळी माणूस मावत नाही, बायपासवरच्या दोघातिघांनी पेठेत दुकानं मागितली. मला चार ठिकाणी भाषणाला बोलावलं, आणि प्रत्येक भाषणात मी छाती काढून सांगत आले, "एकशे अठ्ठ्याण्णव फळ्या, आणि एकही इकडची तिकडे झाली नाही."

परवा सोळा वर्षांनी निवांत वेळ काढून मोरघाटला गेले. संध्याकाळ होती. काकू आता शहात्तरच्या, पण दुकानात बसतात. लेक गिऱ्हाईक बघते, काकू तिच्या चुका बघतात. मला पाहून म्हणाल्या, "जाड झालीस. बरं झालं. माझा खांदा दुखतोय आणि हिला मागं घरात औषधं कुटायचीत. आज फळ्या तू लाव."

मी हौसेने लावायला घेतल्या. आता मागे ठसठशीत आकडे रंगवलेले आहेत, मीच रंगवून घेतले होते ते. एक ते आठ कशा अलगद गेल्या. नववी घातली. अडकली. ढकलली. अडकली. खाली घेऊन मी ती नीट पाहिली. एवढी वर्षं लाकडात काढलेली माझी नजर आता तरी काही शिकली होती. आठवीचा बाक डावीकडे आणि नववीचा उजवीकडे. या दोघी शेजारणी असूच शकत नव्हत्या. मी काकूंकडे पाहिलं. काकू आभाळाकडे बघत होत्या.

मी फळी नाकाला लावली.

"काकू, हिला तंबाखूचा वास आहे."

"सोळा वर्षं झाली, मेला जात नाही."

"ही चाचांची आहे?"

"मग? आणि माझी त्यांच्याकडे. खांबाशेजारच्या दोन्ही, दोन्हींना दोन्ही वास. घाटावर मीच चुकले. लावायला गेलो तेव्हा दोघांनाही कळलं. बदलणार, तेवढ्यात तू समोर येऊन उभी राहिलीस, डोळे एवढे सुजलेले."

"मग बदलायच्या होत्या ना!"

"तुझ्यासमोर? तुला पाण्याला धाडलं तरी बाकीची पेठ बघतच होती, तुझ्या कानावर आलंच असतं. तू पेठेत उभी राहून काय बोलली होतीस? एक जरी इकडची तिकडे झाली तर राजीनामा. दिला असतास. तिरसट तू, सकाळपर्यंत थांबली नसतीस. आणि सकाळी समितीसमोर कोण उभं राहिलं असतं, तुझे ते साहेब?" काकूंनी खांदा चोळला. "म्हणून त्यांना म्हटलं, तुमची मी लावते, माझी तुम्ही लावा, आणि तोंडाला कुलूप. अकरा वर्षांनी पहिल्यांदा बोलले मी त्यांच्याशी. ते म्हणाले, 'काकू, तुमच्या औषधांना वास लागंल.' मी म्हटलं, लागू दे."

चार ठिकाणी केलेली ती भाषणं आठवली आणि कान गरम झाले. मागोमाग हसू आलं, हसण्यामागून डोळ्यांत पाणी. ते मी नेहमीप्रमाणे पुसलं नाही.

"मग नंतर तरी बदलायच्या," मी कसंबसं म्हणाले. "मी गेल्यावर. सोळा वर्षं गुद्दे कशाला घालत बसलात? आज बदलू या. मी करते."

"खबरदार हात लावलास तर!" काकू एकदम कडाडल्या. मग आवाज खाली आला. "थांब जरा. ऐक."

आम्ही थांबलो. पेठेत एकेक पट्टी पडत होती. मग खांबाच्या पलीकडून आवाज आला, धप्प. थोडासा हलका, म्हाताऱ्या मुठीचा, पण आला.

"ते ठोकतात, मग मी ठोकते," काकू म्हणाल्या. "रोज. मागे ते आठ दिवस दवाखान्यात होते तेव्हा मला फळी लावायला सुचत नव्हतं. आता ते वाट बघत असतील. ठोक लवकर."

मी मूठ वळली आणि फळीच्या वरच्या कोपऱ्यात गुद्दा घातला. नववी फळी निमूट जागेवर बसली.

"काकू," पलीकडून चाचांचा आवाज आला, "आज हात लई जड लागला!"

"मी नाही," काकू ओरडल्या, "आपल्या इंजिनेरबाई आल्यात. सांगितलं मी तिला सगळं. या इकडं, चहा टाकायला सांगितलाय."